साप पाळीव झाले

आमचे हेडमास्तर तात्या घंटा व्हायच्या आधी प्रत्येक मास्तरला एकच प्रश्न विचारायचे, "काल काय पडलं?" म्हणजे स्वप्न. उत्तर ऐकायचे, डोळे मिटून मान डोलवायचे, आणि मगच वर्ग वाटून द्यायचे.

मुळशी खोऱ्यातली आमची शाळा लहान. सकाळी दरीतलं धुकं खिडकीतून आत यायचं आणि आम्ही अर्धवट झोपेत तात्यांसमोर उभे. पुरात वाहून चाललो होतो, असं मी एकदा सांगितलं. म्हणाले, "आज गणित नको. पोरांना रानात न्या, झाडं दाखवा."

मारुती मास्तर गावचेच. त्यांना गणिताचा कंटाळा. "तात्या, मला लई साप दिसलं," म्हणायचे, की पहिलीला गाणी शिकवायचं काम मिळायचं. मग रोजच साप निघू लागले. शेवटी तात्या म्हणाले, "साप आता पाळीव झाले, मास्तर. गणित घ्या."

आम्ही हसायचो, पण शाळेत छडी वाजत नसे आणि पोरं शाळा बुडवत नसत. तपासणीला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी याचं गुपित विचारलं. तात्या म्हणाले, "साहेबांना काल काय पडलं?"

साहेब गोरेमोरे झाले. "घोड्यावरून पडलो."

"मग आज सोपं विचारा."

साहेबांनी खरंच सोपं विचारलं.

एके सकाळी मी म्हणालो, "बंद दार दिसलं. आतून बायको हाका मारतेय, आणि मला कडी सापडत नाही." ती बाळंतपणाला पिरंगुटला माहेरी गेली होती.

तात्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. "निघा. वर्ग मी बघतो."

"पण रजेचा अर्ज..."

"आधी निघा!"

पोचलो तर तिला कळा सुरू झालेल्या, अंग तापानं फणफणलेलं, आणि वैद्याला आणायला घरात पुरुषमाणूस नाही. मी धावलो. ती वाचली. मुलगी झाली.

परतल्यावर बर्फी घेऊन तात्यांच्या बिऱ्हाडी गेलो. ते एकटेच राहायचे. बर्फी त्यांनी न खाता हातातच धरली.

"माझ्या वेळी मीही असंच काहीसं सांगितलं होतं," ते म्हणाले. "हेडमास्तर हसले. म्हणाले, शाळा सुटल्यावर जा. पोचलो तेव्हा दोघीही नव्हत्या."

मग त्यांनीच विचारलं, "तुमची झोपेत हसते का हो?"

"हसते."

"मग उद्या उशिरा या," तात्या म्हणाले. "ते बघायला वेळ लागतो."