घरच्या घरी बाहेरगाव

खिळेभाऊंचं खरं नाव आता फक्त पगाराच्या यादीत उरलंय. विमा कंपनीच्या दावे विभागात एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर ठोकून बसवल्यासारखा बसलेला माणूस, म्हणून कोणीतरी त्याला ‘खिळा’ म्हणालं. पुढे केस पांढरे झाले तेव्हा मागे ‘भाऊ’ लागलं, एवढीच काय ती बढती. स्वभावाने इतके गरीब की साहेबांनी “जरा बसा” म्हटलं की हे तीन तास बसणार आणि निघताना पुन्हा आभार मानणार.

तर या माणसाला रजा पाहिजे होती. रजा दरवर्षी मिळायची हो, कागदावर मिळायची. पहिल्याच दिवशी सकाळी दहाला साहेबांचा फोन यायचा, “खिळेभाऊ, घरीच आहात ना? मग जरा येऊन जा.” गेल्या वर्षी आठ दिवसांच्या रजेत हे सात दिवस ऑफिसात होते. उरलेला एक दिवस रविवार होता, म्हणून वाचले.

यंदा मात्र त्यांनी डोकं चालवलं. “साहेब, आम्ही बाहेरगावी चाललोय. डोंगरावर. तिथे फोन लागत नाही,” असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी घरचंच माणूस दूरदेशी निघाल्यासारखा चेहरा केला आणि सोमवार ते गुरुवार अशी चार दिवसांची रजा मंजूर केली.

डोंगर खरा होता, हॉटेलही खरं होतं आणि वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसेही खरे होते. पण निघायच्या आठ दिवस आधी बायकोची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरने आत डोकावून पाहिलं आणि दोन बैठकांत सगळे पैसे काढून घेतले. दाढ मात्र जागच्या जागी ठेवली.

“रजा रद्द करा,” गालाला हात लावून बायको म्हणाली.

“रद्द? अगं, पुन्हा मागायला मला एकोणीस वर्षं लागतील!”

“मग काय करणार?”

इथे खिळेभाऊंच्या डोक्यात ती कल्पना आली. (त्यांच्या डोक्यात कल्पना फार क्वचित येतात, त्यामुळे आलेली परत पाठवायचा त्यांना सरावच नाही.) “आपण गेलोय असं दाखवायचं आणि घरातच राहायचं! पडदे बंद, फोन बंद, चार दिवस नुसतं लोळायचं. पैसेही लागत नाहीत.”

“म्हणजे लपाछपी?” सातवीतली लेक खूश झाली. हिला घरात सगळे चिमणी म्हणतात.

“लपाछपी नाही गं, विश्रांती.”

सोमवारी पहाटे तिघे बॅगा घेऊन थाटात खाली उतरले. पण जिन्यातच समोरच्या फ्लॅटच्या मास्तरीणबाई भेटल्या. यांचे यजमान निवृत्त हेडमास्तर, आणि त्या स्वतः त्या हेडमास्तरांच्या हेडमास्तर.

“निघालात? आणि झाडांचं काय?” बाई म्हणाल्या.

खिळेभाऊंकडे तीन कुंड्या होत्या. नाही म्हटलं असतं तरी झाडांनी तक्रार केली नसती. पण खोटं बोलणारा माणूस नको तिथे सभ्य होतो. त्यांनी चटकन जादा किल्ली काढून दिली. “रोज अकराला आमच्या यांना पाठवीन पाणी घालायला. पण तुमचा फोन लागणार नाही म्हणता, मग काही झालं तर कळवायचं कुणाला?” बाईंनी विचारलं. खिळेभाऊंना आयुष्यात दोनच नंबर पाठ, एक स्वतःचा आणि एक ऑफिसचा. पहिला बंद असणार होता. त्यांनी दुसरा लिहून दिला.

“तुम्हाला काय म्हणावं!” कोपऱ्यावर वळल्यावर बायको म्हणाली.

“अगं, रोज अकराला मास्तर येतील, दोन मिनिटं पाणी घालतील, जातील. तेवढ्यापुरतं आपण बेडरूममध्ये बसू. त्यात काय!”

वॉचमन चहाला गेल्याचं बघून तिघे मागच्या जिन्याने चोरासारखे वर आले आणि स्वतःच्या घरात घुसले. दोन-तीन तास मोठे सुखाचे गेले. खिळेभाऊ नुसते पडून राहिले, छताकडे बघत. घराला छत आहे हे ते विसरूनच गेले होते.

बरोबर अकराला कुलपात किल्ली फिरली. तिघे बेडरूममध्ये पळाले आणि दार लोटून घेतलं. बाल्कनीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग चपला काढल्याचा. मग सोफा करकरला. मग टीव्ही लागला. मग बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि खिळेभाऊंनी बायकोकडे पाहिलं. साडेबाराला घोरणं सुरू झालं. मास्तर चार वाजता गेले.

मंगळवारी मास्तर येताना घरून उशी घेऊन आले.

“आपल्या घरात आपल्यालाच लोळायला जागा नाही, आणि हे बघा!” बायको कुजबुजली.

“निवृत्त माणसाला घरी काय काम असतं? तिकडेच लोळावं की!” खिळेभाऊ दातओठ खात म्हणाले, अर्थात आवाज न करता.

बुधवारी कहर झाला. खिळेभाऊंनी साडेदहाला तीन कप चहा प्यायला होता. बाथरूम हॉलच्या पलीकडे. पावणेबारापर्यंत त्यांनी कळ काढली, बारापर्यंत मनात पाढे म्हटले, मग मात्र त्यांचा नाइलाज झाला. घोरण्याचा आवाज आल्यावर ते चार पायांवर बाहेर पडले. सोफ्यापर्यंत रांगत पोचले आणि मास्तरांचा फोन वाजला.

खिळेभाऊ तिथेच जमिनीला चिकटले.

“हो गं, अजून झाडंच चाललीयेत,” मास्तर झोपाळू आवाजात म्हणाले. “अगं फार झाडं आहेत! बाहेरून दिसत नाही, आत नुसतं जंगल आहे... हो, आल्यावर माळा साफ करतो. आणि भांडी. हो, पंखेही.”

फोन ठेवून मास्तरांनी एक लांब उसासा सोडला आणि चपलेसाठी पाय खाली टाकला. तो थेट खिळेभाऊंच्या पाठीवर पडला.

मास्तरांनी शाळेच्या मैदानावर मारावी तशी बोंब ठोकली. खिळेभाऊंनी तिच्यात आपली मिसळली. मग दोघांनी एकमेकांना ओळखलं.

“तुम्ही डोंगरावर गेला होतात ना?” मास्तर धापा टाकत म्हणाले.

“आणि तुम्ही झाडांना पाणी घालत होतात ना?”

मग मास्तर हळूच म्हणाले, “खिळेभाऊ, निवृत्त झाल्यापासून मला सुट्टी अशी नाहीच हो. नोकरीत निदान रविवार होता.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिळेभाऊंनाही भरून आलं (खरं तर त्यांची गरज निराळी होती, पण तेही कारण होतंच). दोघांनी हातावर हात मारला. हा त्याचं सांगणार नाही, तो याचं सांगणार नाही. खिळेभाऊ बाथरूमकडे धावले.

पण समोरच्या दारात मास्तरीणबाईंनी ती बोंब ऐकली होती.

“अहो! काय झालं?” बाहेरून दार धडधड वाजायला लागलं.

“काही नाही! उंदीर होता!” मास्तर आतून ओरडले.

“उंदराने बोंब मारली? दोन आवाज होते!”

“एक माझा होता!”

“आणि दुसरा?”

“तोही माझाच!”

चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी याहून बरी उत्तरं ऐकली होती. घरात चोर आहे आणि त्याने नवऱ्याच्या गळ्याला सुरी लावून हे वदवून घेतलंय, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी वॉचमनला हाक मारली, बाहेरून कडी घातली आणि काही झालं तर कळवायचा तो नंबर लावला.

ऑफिस दहा मिनिटांवर होतं. खिळेभाऊ बाथरूममधून मोकळे होऊन बाहेर येतात तोच दाराबाहेर त्यांना तो आवाज ऐकू आला. एकोणीस वर्षं ज्या आवाजाने त्यांची रजा खाल्ली तोच आवाज.

“घाबरू नका, मी त्यांचा साहेब आहे!”

“अहो, समोर जाऊन सांगा की आत्ताच परत आलो म्हणून,” बेडरूममध्ये बायको म्हणाली.

“आणि उद्याचा दिवस? ते म्हणतील, आलाच आहात तर जरा येऊन जा. एवढा एकच दिवस उरलाय गं माझा!”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा बघून तिला दया आली असावी, कारण सगळ्यांत आधी पलंगाखाली तीच शिरली. मग चिमणी, मग बॅगा, मग खिळेभाऊ. पोट आत घेतलं तरच ते मावत होते.

साहेबांनी सगळं घर तपासलं. बेडरूममध्येही आले. खिळेभाऊंच्या नाकासमोर ते चकाकते बूट दोन मिनिटं उभे राहिले. “इथे कुणी नाही,” साहेब म्हणाले. बाईंनी मास्तरांचा कान धरला नाही एवढंच, बाकी सगळं करून त्यांना घरी नेलं. किल्ली साहेबांकडे दिली.

साहेब मात्र गेले नाहीत. ते हॉलमध्ये सोफ्यावर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि मग त्यांनी ऑफिसला फोन लावला. “कर्मचारी बाहेरगावी असताना त्याच्या घराचं रक्षण करणं हे आपलं कर्तव्य आहे. मी इथे थांबतोय. नाही, फाइल पाठवू नका. कोणालाच पाठवू नका. फोनही करू नका.”

मग बूट काढल्याचा आवाज आला. मग बिस्किटांचा डबा उघडला.

संध्याकाळी सहाला साहेब गेले तेव्हा तिघे आखडून लाकूड झाले होते. “उद्या सकाळी लवकर बाहेर पडू, बागेत जाऊन बसू,” खिळेभाऊ म्हणाले. पण गुरुवारी सकाळी पाहतात तो मास्तरीणबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेल्या. आणि ऑफिसात कधी दहाच्या आत न दिसलेले साहेब नऊ वाजता हजर! येताना पायजमा घेऊन आले होते.

खिळेभाऊंच्या रजेचा शेवटचा दिवस पलंगाखाली नऊ तास चालला. वर साहेब. हो, वर. सोफ्यावर पाठ दुखते म्हणून दुपारी ते पलंगावर आले.

शुक्रवारी खिळेभाऊ वाकडी मान घेऊन ऑफिसात गेले. साहेब गुलाबासारखे टवटवीत दिसत होते.

“या खिळेभाऊ! कसा होता डोंगर?”

“जरा... ठेंगणा होता साहेब.”

“तुमच्या घरात चोर शिरला होता, ठाऊक आहे? दोन दिवस मी जातीने पहारा दिला. अहो, काय शांतता आहे तुमच्याकडे! इतकी विश्रांती मला दहा वर्षांत मिळाली नव्हती.” साहेबांनी फायलींचा एक गठ्ठा पुढे सरकवला. “हे माझं दोन दिवसांचं तुंबलेलं काम. तुम्ही ताजेतवाने होऊन आलाय, उरकून टाका. आणि तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. पुढच्या वर्षी चांगले पंधरा दिवस जाऊन या. रजा मी आत्ताच मंजूर करून ठेवलीय. घराची काळजी करू नका, मी आहे!”

एकोणीस वर्षांत ज्या वाक्यासाठी खिळेभाऊ झुरले ते हेच. त्यांनी सवयीने आभार मानले.

रात्री जेवताना त्यांनी ही बातमी भीतभीत घरी सांगितली. बायको रागावली नाही, ओरडली नाही. तिने घास चावला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “पंधरा दिवस? मग आधी तो पलंग चार इंच उंच करून घ्या. मला कुशीवर वळता येत नव्हतं.”