हवा, माती, डागी

सिद्रामअण्णा कोणतंही पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नाहीत. आधी मधोमध बोट घालतात, मग शेवटाकडे, मग मागच्या उत्तरांत. "पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतेत, बालाजी," असं म्हणून पुस्तक नाकाशी नेतात आणि वास घेतात. वासाचं कारण मला अजून कळलेलं नाही.

अण्णा लातूरच्या आमच्या तेलमिलच्या गेटवर सोयाबीन तपासतात. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आणि तीन गोष्टी बघायच्या: हवा, माती, डागी. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा, माती म्हणजे काडीकचरा, डागी म्हणजे खराब दाणे. माल पसंत पडला की पोत्यावर हिरव्या खडूची खूण. वीस वर्षं हेच काम. मुरुडला एकटे राहतात, सकाळच्या बसनं येतात. मी त्यांच्याच खोलीत ओलावा मोजायच्या यंत्रावर बसतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नोकरी, वर चाकूरहून जाणं-येणं.

मी घरातला पहिला पदवीधर. एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा घरात विचारायला कुणी नव्हतं. कोणतं पुस्तक घ्यावं हेच कळेना. क्लासवाल्यांचा एक संच, मित्राकडून आणलेली जुनी पुस्तकं, मोबाईलमध्ये दीडशे पीडीएफ. बसमध्ये एक उघडलं की दुसरं चांगलं वाटायचं. महिनाभर मी नुसत्या अनुक्रमणिका वाचल्या. अनुक्रमणिकेवर परीक्षा असती तर मी राज्यात पहिला आलो असतो.

एकदा दुपारच्या सुट्टीत अण्णांनी विचारलं, "काय वाचायलास रे एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली. हे ते रोजच करायचे. म्हणाले, "आन सगळे. नमुना काढू. मी पास केल्याबिगर एक पान वाचायचं न्हाई. कच्च्या मालावर घाणा चालवत न्हाईत."

परीक्षेला तीन महिने होते. मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नाही.

पहिलं, निळं पुस्तक त्यांनी चाळलं, वास घेतला आणि पिशवीत टाकलं. "घरी बघतो नीट." चौथ्या दिवशी निकाल आला: शंभर गणितांत दोन उत्तरं चुकीची छापलेली. "डागी हाय. दुसरं आन."

दुसऱ्यात सुरुवातीची बारा पानं यशस्वी मुलांचे फोटो आणि 'तुम्हीही करू शकता' असा मजकूर. "हवा! वाळत घातलं तर निम्मं राहायचं न्हाई." तिसऱ्यात अभ्यासक्रमात नसलेले धडेच्या धडे. "माती." चौथ्यात चुका अकरा. ते त्यांनी असं लांब धरलं, जणू भिजलेलं पोतंच.

गणितं ते स्वतः सोडवायचे. शिक्षण बारावी शास्त्र, पण शेकडेवारी आणि गुणोत्तर बोटांवर. इंग्रजीच्या भागाला मात्र हात लावायचे नाहीत. "ते आपलं यार्ड न्हाई."

गेटवर गाड्या थांबायच्या. औशाचा एक ड्रायव्हर ओरडला, "अण्णा, आधी गाडी बघा, परीक्षा मग द्या!"

"तुझ्या गाडीत का बघायचंय? हितूनच माती दिसायलीय!"

असं करत पाच पुस्तकं नापास झाली आणि परीक्षा सहा आठवड्यांवर आली. मला झोप लागेना. बसमध्ये शेजारच्याच्या मांडीवर क्लासची वही दिसली तरी मी तोंड खिडकीकडे वळवायचो. शेवटी एका दुपारी, भाकरी हातात धरून, मी कसंबसं बोललो. "अण्णा, सोयाबीनला शंभरात दोन डागी चालतात की. रोज तुम्हीच पास करता. मग ते निळं पुस्तक..."

बाहेर हॉर्न वाजला. एरवी ड्रायव्हरला ताटकळत ठेवणारे अण्णा लगेच परखी घेऊन उठले. भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "घे. हेच चांगलं हाय. पयल्याच दिवशी कळलं होतं."

"मग अण्णा, इतके दिवस?"

ते डब्याचं झाकण उघडत राहिले. ते काही घट्ट नव्हतं. "तुझ्या जागेवर आधी दोघं होते. दोघांनाबी पुस्तकं मीच काढून दिली. एक नांदेडला गेला, एक पुण्याला. चांगलं झालं त्येंचं." झाकण बाजूला ठेवत म्हणाले, "एकट्यापुरती भाकर थापायची म्हंजे लई कंटाळा येतो गड्या. तवा तापंपर्यंत काम संपतंय."

मला राग आला होता, हे खरं सांगतो. सहा आठवडे थोडे नसतात. मी पुस्तक उघडलं. मधोमध. चुकीच्या उत्तरावर पेन्सिलची बारीक काट, बाजूला बरोबर उत्तर, आणि गणित सोडवायचा त्यांचा आखूड रस्ता. शेवटाकडे उघडलं. तिथंही तेच. शंभर गणितांवर ते थांबलेच नव्हते. मुरुडच्या सगळ्या संध्याकाळी त्या पुस्तकात होत्या, शेवटच्या पानापर्यंत. फक्त इंग्रजीचा भाग कोरा. त्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं: 'हे बालाजीने बघावे.'

"अण्णा," मी म्हटलं, "माल पास ना?"

त्यांनी खिसे चाचपले, हिरवा खडू काढला आणि पुस्तकावर खूण केली. पोत्यावर ती एका झटक्यात होते. इथं वेळ लागला.

मग त्यांनी भाकरी मोडली. त्या दिवशी ती नीट मधोमध मोडली नाही. मोठा तुकडा माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "सहा आठवडे हायेत. खा आन् वाच. अन् बघ, पास झालास तर तुझ्या जागी येणाऱ्याला सांगून जा, अण्णा भाकर दोघांची आणतेत म्हणून."