इस्माईलचाचांची बिनआवाजी बोली

बोईसरजवळ सरावलीच्या आमच्या चाळीत समोरच्या गॅलरीतून इस्माईलचाचा माझ्याशी रोज गप्पा मारतात, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवतात, तेही एवढे मोठे की नवख्याला वाटावं, म्हाताऱ्याच्या दाताखाली खडा आला. भाजीवालीने घसा बसलाय समजून त्यांना एकदा आलं फुकट दिलं. चाचांनी ते मुकाट्याने पिशवीत टाकलं.

ही खोड विलायतेची. तरुणपणी ते तारापूरहून इंग्लंडच्या कापडगिरणीत गेले. "मागांचा येवडा आवाज, भाऊ, बाजूचा बोंबलला तरी ऐकू येत नाय. सगळी ओठांवरच बोलायची." एका खोलीत आठजण, दोघांत एक गादी. एक पाळीवरून आला की दुसरा उठून जायचा. "गादी कदी थंडच झाली नाय!" हे सांगताना ते अजून हसतात.

गिरणीतल्या गोऱ्यांनी त्यांना ओठ वाचायला शिकवलं. गल्लीतले गोरे मात्र चाळीस वर्षं विचारत राहिले, "परत कधी जाणार?" गिरणी बंद पडली, पुढे चाची वारल्या, चाचा परत आले. आता बोईसरचे रिक्षावाले तेच विचारतात. आपसांत बोलताना मात्र तोंडावर हात धरतात, कारण चाचा लांबूनच सगळ्यांच्या शिव्या वाचतात.

या ईदला तिकडेच राहिलेला मुलगा, रशीद, नातीला घेऊन यायचा होता. नातीला त्यांनी अजून फोनवरच पाहिलंय. महिनाभर चाचा तेवढ्यावर जगत होते.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी शेजारीच होतो. "येतो ना?" चाचांनी विचारलं. "एक मिनिट, अब्बा," म्हणून रशीदने आवाज बंद केला आणि बायकोकडे वळून काहीतरी बोलला. मला ओ की ठो कळलं नाही. चाचांचा चेहरा मात्र पडला. मग आवाज आला, "बघतो अब्बा, सुट्टी मिळाली तर."

"बघ, बघ. सवडीने ये."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"म्हनाला, आता नको. अब्बा गेले का जावंच लागेल, तवाच जाऊ."

माझं डोकंच फिरलं. तर चाचाच मला समजावू लागले, "पोरगा वाईट नाय, भाऊ. तितं जन्मला, तितलाच झाला. त्यासाटीच तर आमी गेलतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात रंगारी उभा. आतली खोली रंगवायची होती, मुलासाठी.

"पोरगा कवा येतो, चाचा?" रंगाऱ्याने विचारलं.

"मी गेलो का," चाचा म्हणाले. "पन तू पक्का रंग लाव. मला घाई नाय."