शेफालीच्या फेस्टिव्हलचे प्रमुख पाहुणे

शेफाली तीन महिने खोलीचं दार लावून एक गाणं रचत होती आणि बापूरावांना त्यातला एक शब्दही कळलेला नव्हता. शेजाऱ्यांच्या पार्सलात काय आलं हे समजल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, त्यांच्यासाठी ही शिक्षाच होती.

"नुसता विषय तरी सांग," ते म्हणाले.

"रविवारी फेस्टिव्हलला या बाबा. तिथेच ऐका."

"येतो. प्रमुख पाहुणे कोण आहेत?"

"कोणी नाहीत. लोक येतात, चटईवर बसतात, ऐकतात."

"आणि आभार कोण मानतं?"

शेफालीने दार लावून घेतलं.

खडकीच्या फॅक्टरीत बापूरावांनी उभी हयात नोकरी केली, पण जीव ओतला तो तिथल्या करमणूक मंडळात. पाहुण्यांशिवाय कार्यक्रम म्हणजे त्यांच्या मते नवरदेवाशिवाय वरात. पोरं आहेत, विसरली असतील, असं म्हणून रविवारी त्यांनी पिशवीत एक शाल आणि एक नारळ टाकला.

फेस्टिव्हल बिबवेवाडीत, एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत होता. मे महिन्याचं ऊन कलत होतं. कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी चित्रं लटकवली होती.

"हे प्रदर्शन आहे की वाळत घातलंय?" बापूरावांनी चित्रकार मुलीला विचारलं.

"दोन्ही, काका. दुपारीच काढलंय."

हे उत्तर त्यांना फार आवडलं. मग त्यांनी गिटारवाल्याला तारा कुठून आणतोस ते विचारलं, सरबतवालीला कोकम कुठलं ते विचारलं. तेवढ्यात गेटमधून पांढराशुभ्र शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले एक भारदस्त गृहस्थ आत आले. ते शेजारच्या सोसायटीचे चेअरमन सर्जेराव होते आणि हा गोंगाट बंद पाडायला आले होते, पण तसं काही त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

"हितं मुख्य कोण हाय?" त्यांनी दरडावून विचारलं.

"आता आपणच," बापूराव हात जोडून म्हणाले. "या, या. उशीर झाला, तरी हरकत नाही."

सर्जेराव काही बोलणार, तोवर बापूरावांनी त्यांना मंचापाशी नेलं होतं. दोन गाण्यांच्या मधली वेळ होती आणि माइक मोकळा होता. बापूरावांनी पाहुण्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली. चटईवरच्या पोरांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंचामागे शेफालीने कपाळाला हात लावला.

सर्जेरावांनी आयुष्यात पुष्कळ सत्कार घेतले होते. शाल अंगावर पडली की तोंडातून काय निघतं, यावर त्यांचा ताबा उरला नव्हता. "तरुण पिढीच्या या स्तुत्य उपक्रमाला माझ्या शुभेच्छा," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच तरातरा गेटकडे निघाले. पाहुण्यांना गेटपर्यंत सोडायला जायलाच हवं, म्हणून बापूराव मागोमाग धावले.

गेटाबाहेर सर्जेराव थांबले. "अहो, मी तक्रार करायला आलो होतो. तुम्ही शाल घातली, मला बोलता येईना. आता मी हितंच उभा राहतो. आवाज गेटाबाहेर आला, तर सगळं बंद."

"नाही येणार," बापूराव म्हणाले.

आणि आत शेफालीचं गाणं सुरू झालं.

बापूरावांचा जीव कासावीस झाला. आत जावं तर हे गृहस्थ मोकळे सुटणार. ते तिथेच उभे राहिले. शब्द अगदी स्वच्छ येत होते. बसमध्ये शेजारच्याला गाव विचारणारा एक माणूस, सगळ्यांची चौकशी करणारा, घरच्यांना भंडावून सोडणारा. आणि उतरताना त्याच अनोळखी माणसाची जड पिशवी खाली उतरवून देणारा. तो माणूस कोण, हे बापूरावांना दुसऱ्याच ओळीला कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

"काही येतंय का ऐकू?" सर्जेरावांनी विचारलं.

"छे," बापूराव गेटकडे पाठ करून म्हणाले.

गाणं संपलं. टाळ्या थांबायच्या आत शेफाली पळत गेटाशी आली. "बाबा, तुम्ही बाहेर काय करताय? निदान ऐकू तरी आलं का?"

बापूरावांनी सर्जेरावांकडे पाहिलं. आत तिचे सोबती आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते.

"नाही गं," ते म्हणाले. "काहीच नाही आलं."

शेफालीचा चेहरा पडला.

सर्जेरावांनी घसा खाकरला. "मला आलं. सगळं आलं."

सर्जेरावांनी खांद्यावरची शाल नीट केली.

"पोरी, तुझ्या वडलांना कमी ऐकू येतंय," ते म्हणाले. "आत चल, परत एकदा म्हण. आणि त्या माइकवाल्याला सांग, आवाज जरा वाढव म्हणावं."