मास्तरांचा व्यायाम आणि नवा टेबलक्लॉथ

"महिनाभरात मैदानाला फेऱ्या मारून दाखवतो!" पायाचं प्लास्टर निघालं त्याच दिवशी मास्तरांनी जाहीर करून टाकलं.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. जन्मभर दुसऱ्यांवर "गुडघे वर!" म्हणून ओरडले आणि स्वतः मात्र बाथरूमच्या दारात घसरून पाऊल मोडून बसले. प्लास्टरमधून निघालेला पाय सोललेल्या मुळ्यासारखा दिसत होता, पण आवेश तोच!

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आधी जमिनीवर टॉवेल पसरा आणि पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे ओढा. जमायला लागलं की टॉवेलवर थोडं वजन ठेवा. आणि जरा दमानं घ्या!"

दम म्हणजे शिट्टी फुंकायला लागतो तो, एवढंच मास्तरांना ठाऊक. जेवताना, पेपर वाचताना, फोनवर बोलताना टेबलाखाली त्यांची ओढाओढ चालूच!

अशातच लेकीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील घरी यायचे ठरले. "आज तरी तो पाय गप्प ठेवा," बायकोनं बजावलं. तिनं टेबलावर जमिनीला टेकणारा नवाकोरा टेबलक्लॉथ घातला आणि खालचा कळकट टॉवेल उचलून धुवायला टाकला. हे सांगायचं मात्र राहून गेलं.

पाहुणे आले. चहा आला. होणारे व्याही घराला रंग लावल्याची हकीकत सांगायला लागले. स्वयंपाकघराचा रंग वाळेपर्यंत मास्तरांनी कसाबसा धीर धरला. मग बोटं शिवशिवायला लागली. चप्पल हळूच निघाली. बोटांना कापड लागलं. ओढलं, तर हलेना!

'अरे वा! बायकोनं वजन ठेवलेलं दिसतंय!' मास्तर खूश झाले आणि अंगातली होती नव्हती ती ताकद त्यांनी बोटांत आणली.

व्याह्यांनी कपाला हात घातला. कप पुढे सरकला. त्यांनी हात लांब केला. कप आणखी पुढे! पाठोपाठ बशा निघाल्या, किटली निघाली...

"भूकंप!" व्याही किंचाळले आणि खुर्ची पाडून जे सुटले ते थेट जिना उतरून रस्त्यावर! मागोमाग मास्तरांची बायको, लेक आणि लंगडत विहीणबाई. आरडाओरडा ऐकून अख्खी इमारत खाली आली. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या काखेत मांजर!

काठी टेकत मास्तर सर्वांत शेवटी पोचले. बोटांत टेबलक्लॉथचं टोक अडकलेलं आणि उरलेला टेबलक्लॉथ मागून पायऱ्या उतरत येतोय!

शेजारी अग्निशमन दलाला फोन लावत होते.

"थांबा!" मास्तर कवायतीच्या आवाजात गरजले. मग आवाज एकदम बसला. "भूकंप नाही झाला हो. माझा... व्यायाम झाला."

शेजाऱ्यांनी फोन खाली घेतला. झालं, जमलेलं लग्न मोडलं, म्हणून लेकीनं डोळे मिटून घेतले.

विहीणबाईंनी टेबलक्लॉथकडे पाहिलं. मग सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे मला वर टाकून तुम्ही पळालात, ते ह्या कापडाला भिऊन?"

"अगं, मला वाटलं तू पुढे गेलीस..."

"पुढे? खुर्ची माझ्याच पायावर पाडलीत!" त्यांनी लेकीचा हात धरला. "चल गं, आपण वर जाऊन कपबशा गोळा करू. तुझे वडील निदान खरं बोलतात. आमच्या पोराला असंच घर हवं."

बायका वर गेल्या. गर्दी पांगली. रस्त्यावर दोघे व्याहीच उरले.

"मास्तर," व्याही कानाशी येऊन पुटपुटले, "भूकंपच होता म्हणाला असतात, तर तुमचं काय बिघडलं असतं हो?"