कुंडूबाबूंनी भोकं बुजवली

कृष्णनगरच्या भवतोष कुंडूंनी कोजागरीच्या दिवशी घरातली उंदरांची भोकं बुजवायचं ठरवलं, आणि ठरवून ते आरामखुर्चीत झोपी गेले. (डोळे मिटून नीट आखल्याशिवाय ते कुठल्याच कामाला हात घालत नसत.)

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजेआधीच उंदरांनी नैवेद्याचे नारळाचे लाडू उष्टावले होते. यंदा तसं झालं तर पूजा आटोपून आपण सरळ बर्धमानला भावाकडे जाऊ, असं त्यांच्या पत्नी सुलेखादेवींनी बजावलं होतं. त्या बोलल्या की करत. आणि त्या नसल्या की भवतोषबाबूंना चहाची पूड सापडत नसे, आणि सापडली तरी चहा गोड लागत नसे.

ते उठले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी वाडग्यात पांढरं सिमेंट कालवलं, वाडगा पायरीवर ठेवला आणि ढग बघत बसले. एक ढग थेट घुबडासारखा होता. प्रत्यक्ष लक्ष्मीचं वाहन आपल्या छपरावर थांबलंय, या विचारानं त्यांना भरून आलं. घुबड विरेपर्यंत ते बघत राहिले आणि मग न बघताच हात लांबवून त्यांनी वाडगा उचलला. शेजारीच आलपनेसाठी, म्हणजे लक्ष्मीच्या पावलांच्या ओल्या रांगोळीसाठी, वाटलेल्या तांदळाचा वाडगा होता. त्यांनी नेमका तो उचलला.

मग गुणगुणत त्यांनी दाराखालची फट, मोरीचा कोपरा, भिंतीतली भोकं, सगळं तांदळाच्या पिठानं मन लावून लिंपलं. तिकडे सुलेखादेवींनी बोटाला चिंधी गुंडाळून पायरीपासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली, ती सिमेंटनं.

"यंदा वाटण छान दाट झालंय," त्या म्हणाल्या. "बोट मात्र चुरचुरतंय."

"भक्ती म्हटली की तेवढं व्हायचंच," भवतोषबाबू म्हणाले.

चंद्र उगवला, शंख वाजला. भवतोषबाबू हात जोडून, डोळे अर्धवट मिटून डुलत होते. दाराशी उंदरांचं अख्खं कुटुंब पंगतीला बसल्यासारखं फट चाटताना त्यांना दिसलं. स्वप्नच ते, आणि गोड होतं, म्हणून त्यांनी ते थोडा वेळ चालू दिलं. मग एकदम बर्धमान आठवलं. ते अनवाणी धावले, उंबऱ्याजवळच्या उरलेल्या सिमेंटमध्ये पाय बुडाला, आणि त्याच पायानं ते उंदरांमागे पायऱ्या उतरून गेले.

लाडू मात्र शाबूत राहिले. पोटभर तांदूळ चाटलेल्या उंदरांनी नैवेद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना आधी जेवू घालायचं हीच आपली योजना होती, असं भवतोषबाबूंनी रात्री जेवताना हळूच सांगून पाहिलं.

सकाळी सुलेखादेवींनी काथ्यानं घासूनही पावलं निघेनात. सगळा उलगडा झाला तशा त्या आधी चिडल्या आणि मग खूशही झाल्या. लक्ष्मी घरात कायमची आली होती. शेजारणी दर्शनाला येऊन गेल्या.

भवतोषबाबूंचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तू आता बर्धमानला जात नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

सुलेखादेवींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि पायरीकडे बोट दाखवलं. आत येणाऱ्या इवल्या पावलांच्या मधोमध एक भलंमोठं सपाट पाऊल बाहेर निघालं होतं.

"जायचं मी म्हणत होते," त्या म्हणाल्या. "पण या घरातून कोणी निघायचं, ते आता सिमेंटनं पक्कं झालंय."