गुणोत्तर निश्चित होईपर्यंत

वेग हवा की जोर, हा प्रश्न प्रत्येक माणसापुढे कधी ना कधी उभा राहतोच. बहुतेक जण तो न सोडवताच आयुष्य काढतात. आमच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर मात्र तो दोन दशांश स्थळांपर्यंत सोडवायला निघाले. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पन्नाशीनिमित्त बायकोने त्यांना रिमोटवर चालणारा ट्रक भेट दिला. बुटांच्या खोक्याएवढा, जाड टायरांचा, आत ब्रशलेस जातीची ताकदवान मोटर. (डॉक्टरांनी संध्याकाळी जरा घराबाहेर पडावं, हा भेटीमागचा हेतू. हेतू उदात्त होता.) बॅटरी चार्ज करायची आणि चालवायचा, इतकं ते सोपं होतं. पण डॉक्टरांनी माहितीपुस्तिका वाचली. नवव्या पानावर लिहिलं होतं, ‘गरजेनुसार योग्य गिअर निवडावा.’

गरज! डॉक्टर तीन दिवस ते पान ताटाशेजारी उघडं ठेवून जेवले.

मुद्दा असा. मोटरवरचं छोटं दातेरी चाक शेजारच्या चोपन्न दातांच्या मोठ्या चाकाला फिरवतं. छोट्याला दात जास्त असतील तर ट्रक सुसाट सुटतो, पण मोटर तापते. दात कमी असतील तर मोटर थंड, जोर भरपूर, पण ट्रक जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखा चालतो. बत्तीस दातांवर वीस वर्षं अधिकारवाणीने बोलणारा हा माणूस तेरा आणि पंधराच्या मध्ये अडकला.

त्यांनी अकरा दातांपासून एकवीस दातांपर्यंतची सगळी चाकं मागवली, दवाखान्यात निर्जंतुक केली आणि घरी जेवणाच्या टेबलावर ट्रेमध्ये ओळीने मांडली. एक वही केली. चोपन्न भागिले तेरा, चोपन्न भागिले पंधरा, अशी सव्वीस पानं भरली. रुग्णांचा कौलही घेतला. सहा आठवड्यांत एक्केचाळीस जणांना विचारलं. पैकी अडतीस जणांचं तोंड त्या वेळी उघडं असल्यामुळे त्यांचं मत ‘आ’ असं नोंदवावं लागलं. दोघे तेराच्या बाजूने होते. एकाने दुसरा डॉक्टर शोधला.

बायको शिलाई मशीन दुरुस्त करते. दिवसभर गिअर, पट्टे आणि स्क्रू यांच्यात हात असल्यामुळे तिला या विषयाचं गांभीर्य नव्हतं.

“अहो, एकदा चालवून तर बघा.”

“अगं, गुणोत्तर ठरल्याशिवाय कसा चालवणार? मोटर जळली म्हणजे?”

“आणि नुसती पडून गंजली म्हणजे?”

या शक्यतेसाठी वहीत रकाना नसल्याने ती विचारात घेता आली नाही.

असे रिमोटचे ट्रक चालवणाऱ्यांच्या क्लबची शर्यत एका गोदामामागच्या मैदानात होती. डॉक्टरांनी नाव दिलं होतं. नेमक्या त्या सकाळी एका रुग्णाच्या दाताची कॅप निघाली आणि त्यांना दवाखान्यात पळावं लागलं. तिथून त्यांनी फोन केला.

“माझं नाव मागे घे. अजून काही ठरलेलं नाही.”

“बरं,” बायको म्हणाली.

(बायकोच्या ‘बरं’चे किमान सात अर्थ होतात. डॉक्टरांनी पहिला धरला.)

तिने ट्रेमधलं हाताला आलं ते चाक उचललं. दोन चाकांच्या मध्ये कागदाची पट्टी धरून फट जुळवली, स्क्रू आवळला, पट्टी ओढून काढली. एकूण वेळ दहा मिनिटं, त्यातली चार स्क्रू शोधण्यात.

मग ट्रक घेऊन ती मैदानात गेली. पहिल्या फेरीत ट्रक झुडपात गेला. दुसऱ्या फेरीत उलटला. तिसऱ्या फेरीत उंचवट्यावरून उडाला, चारही चाकं हवेत, आणि बायको अशी किंचाळली की पंचांनी चुकून शिटी वाजवली.

घरी ना ट्रक ना बायको, हे पाहून डॉक्टर मैदानात पोचले तेव्हा गळ्यात मास्क लोंबत होता आणि हातात तापमापक होता. धुळीत उभी राहून बायको खदखदा हसत होती, बाहीने डोळे पुसत होती. तिचे दात त्यांनी व्यवसायानिमित्त अनेकदा पाहिले होते. असे हसताना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. काहीतरी फार महत्त्वाचं बोलायला हवं, असं त्यांना वाटलं.

“किती दातांचं लावलंस?” ते म्हणाले.

“मोजले नाहीत. धरा, तुम्ही चालवा.”

तिने रिमोट त्यांच्या हातात कोंबला. ट्रक पाचात चौथा आला. शर्यत संपली तरी डॉक्टर बॅटरी संपेपर्यंत चालवत राहिले, आणि घरी आल्यावर त्यांनी ट्रक उघडला नाही. आता दर रविवारी संध्याकाळी दोघं मैदानात रिमोटवरून भांडतात. (बाईंच्या निवांत संध्याकाळींचं काय झालं, हा वेगळा विषय.)

ही हकिगत मी आजवर अनेकांना सांगितली. एका संसारात इतक्या वर्षांनी हसू परतलं, हे सगळ्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि मग चाकाची चौकशी केली. वाचकहो, आपण तसे नाही, याची मला खात्री आहे. फक्त मघापासून आपल्या कपाळावर जी आठी दिसते आहे, ती तेराची की पंधराची, तेवढं कळलं तर बरं.